भेगेतला चेंडू

अकोल्याच्या मित्रमंडळींनो,

आज सकाळी अमरावतीच्या मैदानावर मी गोल्फचे नऊ खळगे पुरे केले आणि माझ्यापायी मागे कोणी खोळंबलं नाही. तुम्हाला ही बातमी क्षुल्लक वाटेल. पण गेल्या खेपेला मी अर्धा तास हरवलेला चेंडू शोधत बसलो, तेव्हा क्लबाच्या सेक्रेटरींनी बजावलं होतं, "पुन्हा असं झालं तर यापुढे एकटेच खेळा."

आज तिसऱ्याच खळग्याजवळ चेंडू काळ्या मातीच्या भेगेत गेला. आपल्या संस्कृत वाचनाच्या बैठकीत श्लोकाचा अन्वय लागेपर्यंत जागचं न उठण्याची माझी जुनी खोड तुम्हाला ठाऊकच आहे; इथेही तेच झालं. गुडघे टेकून मी छत्रीची दांडी भेगेत घातली.

मैदान राखणारे संपत माळी जवळ आले.

"वकीलसाहेब, काहून उकरून राहिले? मांगचे चौघं तुमच्याचकडे पाहून राहिले. दुसरा चेंडू घ्या अन् चाला."

"अहो, कोरा चेंडू होता."

"मंग पाणी पडलं का उगवते तो."

मी हसत उठलो आणि दुसरा चेंडू काढला. खेळ संपल्यावर सेक्रेटरी म्हणाले, "रविवारी माझ्यासोबत या."

आता खरं सांगा, तुमच्यापैकी कोण कोण अजून कुठल्या भेगेपाशी गुडघे टेकून बसलं आहे?