भागूबाई आणि आंतोनची चावी

छप्पन सालच्या उन्हाळ्यात शेळगावच्या भागूबाईचा पंप बंद पडला. नवऱ्यामागं चार वर्षं वांग्या-मिरच्यांचा मळा ती एकटीच ओढत होती. बारामतीहून आंतोन मिस्त्री आला. मूळचा गोव्याचा, मराठी मोडकंतोडकं. पंप विहिरीतल्या खडकाच्या टप्प्यावर होता. दोन दिवस उपसा नसल्यानं पाणी टप्प्याला टेकलेलं. तरी हत्यारांची पेटी काठावर उघडी ठेवून तो आधी नुसतं बघायला उतरला.

थोड्या वेळानं धाडकन आवाज झाला. भागूबाई काठावरून वाकली. पंप बैठकीवरून घसरला होता आणि अर्धवट आडव्या पडलेल्या मिस्त्रीचा पाय लोखंडी पाइपाखाली दबला होता. झऱ्याचं पाणी भराभर कमरेवर चढत होतं.

"चावी! बाय, चावी दी!"

"कसली चावी? पेटी तर उघडीच हाय!"

"चावी! बेगीन!"

ती पळत घरी गेली, किल्ल्यांचा जुडगा आणून खाली टाकला.

"ही न्हय!" तो किंचाळला. पाणी छातीला लागलं.

भीतीनं याचं डोकं फिरलं की काय? बाजाराचा दिवस, शिवारात चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या हाताकडं गेलं. पाइपाच्या पट्टीवरला नट धरून तो मनगट पिळून दाखवत होता.

"पाना व्हय रं देवा!"

पेटीतले दोन पाने कमरेला खोचून ती पायऱ्या उतरली. पाणी मिस्त्रीच्या हनुवटीशी होतं. तिनं बुडी मारून नट चाचपला. पहिला पाना सटकला, दुसरा बसला. सगळं अंग टाकून तिनं तो फिरवला. पट्टी सैल झाली, पाइप उचलला, पाय निघाला.

वर आल्यावर ती कडाडली, "चावी म्हंजी कुलपाची! मेला असता की तुमी!"

आंतोन पाय चोळत बसला. लहानपणी पाद्र्यांच्या शाळेत शिकलेलं त्यानं तुटक तुटक सांगितलं. लॅटिनमध्ये क्लाविस म्हणजे किल्ली. त्याचं पोर्तुगीजांनी शावी केलं, इटलीत कियावे, फ्रान्सात क्ले, स्पेनमध्ये यावे. चौघंही पान्याला तेच म्हणतात; स्पेनवाले तर नळाच्या तोटीलाही. "तुमची चावी पोर्तुगालातनंच आलेली, बाय. येताना निम्मा अर्थ तिकडंच राहिला."

भागूबाईनं त्याला गूळ घातलेला चहा दिला.

पाय बरा होईस्तोवर महिना गेला. मग तो दर आठवड्याला येऊन तिला पंप खोलायला शिकवू लागला. साठ साल उजाडेस्तोवर शेजारच्या वरकुटे गावचे बागायतदारही बिघाड झाला की भागूबाईकडं माणूस धाडत. ती जायची. पण पाण्यात उतरण्याआधी विहिरीच्या काठावर एक माणूस बसवल्याशिवाय पेटीला हात लावायची नाही.