मांडवातलं शून्य

मी परभणीकडचा. नववीत शाळा सुटली, ती सुटलीच. उरणला आलो तो कंटेनर यार्डाच्या गेटवर गाड्यांचे नंबर लिहायला. तिथून एका मांडव-साउंडवाल्या दादांकडे वायरी ओढायला लागलो आणि त्यांच्याच पडवीत राहू लागलो. पहिल्या दिवशी दादांच्या आईने मला काही विचारलं नाही. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पुढ्यात ठेवली, आणि मी खाली मान घालून जेवताना नुसती बघत बसली. त्या भाकरीचं ओझं आजही माझ्या डोक्यावर आहे. ते उतरावं असं मला वाटतही नाही.

आई धवलारीण. आगरी लग्नात विधी चालू असताना धवले गाऊन देवांना मांडवात बोलावते ती बाई. हे धवले कुठे लिहिलेले नव्हते, सगळे तिच्या तोंडी. आणि त्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशननंतर बोलता येईल. गाण्याचं सांगता येत नाही." नातीचं लग्न आठ दिवसांवर होतं, ऑपरेशन त्याच्यानंतर. दादा मला म्हणाले, "तुझ्या त्या डबड्यावर आईचा आवाज ठेव. एवढं कर."

डबडं म्हणजे यार्डाच्या ऑफिसने भंगारात काढलेला लॅपटॉप. विंडोज त्यावर रांगायचंसुद्धा नाही. गेटवरच्या ओळखीच्या एका इंजिनिअरने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स नावाची फुकटातली, हलकी प्रणाली टाकून दिली होती. इंग्रजी मला येत नाही म्हणण्याइतपतच येतं. आज्ञा मी वहीत चित्र काढल्यासारख्या उतरवून घेतल्या होत्या, एकेक टिंब मोजून.

"आई, आत्ताच एक धवला म्हणा ना. माईक तपासतो," मी म्हणालो.

"मांडव नाय, हलद नाय, न मी धवला कशी म्हनू? देव यातील न विचारतील, लगीन कोनाचा हाय? काय सांगू त्यांना, परभणीवाला वायरी तपासतंय?"

पडवीतल्या बायका हसल्या. पण ती थट्टा करत नव्हती. लग्नाच्या मांडवाबाहेर धवला म्हणायचा नाही, ऐकायचा नाही, आणि सुरू केलेला मध्येच तोडायचा नाही. म्हणजे तालीम नाही, दुसरी संधी नाही.

धवला नाही तर नाही, आईची मासळीवालीशी घासाघीस चालली होती ती रेकॉर्ड केली. लावून बघतो तर आवाजात दर चार शब्दांना टक्, टक्.

आईने हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "मी काय खडे चावतंय रं?"

वायर बदलली, माईक बदलला. टक् जाईना. लिनक्सवाल्यांच्या एका फोरमवर मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. कुठल्या देशातला कोण, त्याने उलट एकच प्रश्न टाकला: तुझा बफर किती आहे?

चौसष्ट होता. वहीत मीच लिहिला होता, मोठ्या अभिमानाने, कारण एका ठिकाणी वाचलं होतं की आकडा जितका लहान तितकं चांगलं. त्या माणसाने समजावलं तेव्हा मला आमचं गेटच दिसलं. साउंड सर्व्हर म्हणजे गेटवाला. माईककडून आलेला आवाज तो रांगेने आत सोडतो. बफर म्हणजे गेटबाहेर गाड्या उभ्या करायची जागा. जागा लहान ठेवली तर गाडी लगेच आत जाते खरी, पण आतली क्रेन जरा अडखळली की मागची गाडी परत पाठवावी लागते. ती परत गेलेली गाडी म्हणजे माझा टक्. लहान जागा कोणाला हवी? गिटार वाजवताना स्वतःचा आवाज त्याच क्षणी कानात हवा असतो त्याला. आमच्यात गिटार कोण वाजवणार होतं! आईला स्वतःचा आवाज ऐकायचाच नव्हता. मी बफर दोन हजार अठ्ठेचाळीस केला. मासळीवाली एकदम स्वच्छ आली, शिव्यांसकट.

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. लॅपटॉपची बॅटरी दहा मिनिटांची, म्हणून ट्रेलरची जुनी बॅटरी आणि इन्व्हर्टर मांडवाच्या खांबाला बांधून ठेवला. दादा म्हणाले, "लग्न आहे की जहाज सोडायचंय?"

लग्नाच्या दिवशी दुपारी मांडवात आईने पदर सावरला आणि पहिला धवला उचलला. माझी नजर स्क्रीनवरच्या एका रकान्यावर. सर्व्हरच्या हातून किती वेळा आवाज निसटला ते तिथे मोजलं जातं. शून्य.

तिसऱ्या धवल्यात लाइट गेली. पंखे थांबले, शेजारच्या आळीतला डीजे गप्प झाला. लॅपटॉप चालूच होता. आई तर थांबणारच नव्हती. आणि मला दिसलं, जनरेटरवाला दोरी ओढायला वाकलाय. तो भडभडा सुरू झाला असता तर सगळं संपलं. ओरडावं तर माईक उघडा. मी चपला तिथेच टाकून अनवाणी पळालो आणि त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिलो, देवळात राहतो तसा. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. दादांनी लांबून हात हलवला: राहू दे. दोनशे पाहुणे रुमालाने वारा घेत घामाने निथळत बसले, आणि त्या शांततेत एकट्या आईचा आवाज. असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता, कारण इतकी शांतता कुठल्या लग्नात असते?

शेवटचा धवला संपला. रकाना पाहिला. शून्य.

पण लावून बघता येईना! मांडव उतरला, आता धवला ऐकायचा नाही. मी फाईल तीन ठिकाणी ठेवली आणि ऑपरेशन झालं तरी ती उघडली नाही. आईचं बोलणं परत आलं, गाणं नाही आलं. मी रोज नुसता तो आकडा आठवायचो. आकडा खोटं बोलत असला तर?

चार महिन्यांनी तिच्या भाचीकडे लग्न निघालं. हळदीच्या मांडवात आईने सुनेला, दादांच्या बायकोला, शेजारी बसवलं आणि मला खूण केली. मी हेडफोनचे दोन कान वेगळे केले, एक सुनेला, एक आईला, आणि बटण दाबलं.

आई ऐकत राहिली. सून एकेक ओळ कानात घेऊन मोठ्याने म्हणू लागली, आधी चाचरत, मग मोकळ्या गळ्याने. मागच्या बायकांनी ओळ उचलली. देव आले असतील तर त्यांना लग्न कोणाचं ते विचारावं लागलं नाही.

धवला संपल्यावर आईने मला जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता, मला वाकावं लागलं.

"खडे नाय रं लागले," ती म्हणाली. "जेवलास का?"