खडवलीची फॅमिली टूर

लग्नानंतर दोन वर्षांनी माझ्या सासऱ्यांनी पहिल्यांदाच माझ्यासोबत कुठेतरी यायचं कबूल केलं, आणि मी त्यांना खडवलीला नेलं.

खडवली वाईट नाही. कल्याणच्या पुढे, कसाऱ्याच्या वाटेवर, नदी आहे, झाडं आहेत, माझ्या मित्राचं शेतघर आहे. प्रश्न माझ्या इंग्रजीचा होता. सासरे ठाण्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि मी अधूनमधून त्यांच्या वर्गात बसायचो (विद्यार्थी हा शब्द त्यांनी माझ्याबाबतीत कधी वापरला नाही). मुग्धाने घरी माझं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी जात विचारली नाही, पगार विचारला नाही. "त्याचा पेपर मी तपासलाय," एवढंच म्हणाले आणि लग्नाला आले नाहीत. सासूबाई आल्या, अक्षता टाकल्या, जेवून गेल्या. त्यानंतर सर आमच्या डोंबिवलीच्या घराची पायरी चढले नाहीत. दर सणाला मुग्धा दोन ताटं जास्तीची पुसून ठेवायची आणि रात्री परत कपाटात टाकायची. मला ते बघवायचं नाही.

म्हणून मी बेत आखला. शनिवारी सकाळी निघायचं, नदीकाठी पिठलं-भाकरी खायची आणि संध्याकाळी सगळं विसरून एकत्र चहाला आमच्या घरी यायचं. आमंत्रण मात्र मेसेजवर आणि इंग्रजीत द्यायचं, कारण सरांवर छाप पाडायची होती. (इथेच मला कोणीतरी अडवायला हवं होतं.)

"पिकनिक लिही ना सरळ," मुग्धा म्हणाली.

"पिकनिक शाळेची असते. तुझे बाबा रिटायर झालेत."

"मग ट्रिप."

"ट्रिपला कॉलेजची पोरं जातात. घरी खोटं सांगून."

"आउटिंग?"

"अगं, कुत्र्याला फिरवायला नेतोय का मी?"

"जर्नी?"

जर्नी म्हटल्यावर दोघांनाही शेवटचीच आठवली. सत्तरीच्या माणसाला असा शब्द पाठवणं बरं दिसत नाही. ट्रॅव्हल म्हटलं की नाक्यावरचा बसवाला आठवत होता. शेवटी मला टूर सापडला. छोटा पण वजनदार शब्द. मी टाइप केलं: फॅमिली टूर, स्टार्टिंग सॅटर्डे मॉर्निंग, डेस्टिनेशन सरप्राइज. तासाभराने सरांचं उत्तर आलं. "अ‍ॅक्सेप्टेड." मुग्धा ओट्याला टेकून रडली आणि मी दिवसभर स्वतःवर खूश होतो.

शनिवारी मित्राची छोटी गाडी घेऊन आम्ही ठाण्याच्या नौपाड्यात त्यांच्या बिल्डिंगखाली पोहोचलो. खाली तीन बॅगा उभ्या होत्या, शिवाय एक होल्डॉल. मला वाटलं, कोणीतरी घर बदलतंय. एवढ्यात सासूबाई जिन्यातून उतरल्या. अंगात स्वेटर, पायात बूट-मोजे. ऐन एप्रिलमध्ये. मागून सर, हातात माकडटोपी.

"दूध मंगळवारपर्यंत बंद केलंय," सासूबाई म्हणाल्या. "पेपरवाल्याला सांगितलं. चावी शेजारच्या परांजपे काकूंकडे दिली. थंडी किती असेल हो तिथं?"

मी मुग्धाकडे बघितलं. मुग्धाने रस्त्याकडे बघितलं. तोवर परांजपे काकू निरांजन घेऊन खाली आल्या होत्या आणि त्यांच्यामागे अख्खा मजला. काकूंनी सासूबाईंना ओवाळलं, सरांच्या हातावर दही घातलं, एका आजोबांनी नारळ दिला. या सगळ्यांसमोर खडवली हा शब्द माझ्या तोंडातून निघेना. मी गुपचूप बॅगा गाडीत कोंबल्या.

गाडी निघाली. मी कल्याणची दिशा धरली.

"विमानतळ उलट्या बाजूला आहे, सावंत," सर मागून म्हणाले.

"हो सर."

"म्हणजे रेल्वेने जायचं. कल्याणहून लांबच्या गाड्या सुटतात." ते सासूबाईंना समजावत होते.

कल्याण स्टेशनकडे न वळता मी पुढे गेलो. मुग्धाने माझ्या मांडीला चिमटा काढला. शहाडचा पूल आला.

"अच्छा, मुरबाडचा रस्ता. माळशेज चढून पुढे वेरूळ-अजिंठा," सर म्हणाले आणि चक्क हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्या हसण्यासाठी मी वेरूळच काय, काश्मीरलासुद्धा गाडी नेली असती, पण टाकीत पेट्रोल होतं फक्त खडवलीपुरतं, आणि खिशात भाकऱ्यांची ऑर्डर. मी मुरबाडचा रस्ता सोडून वळलो. मागच्या सीटवर सरांनी माकडटोपीची घडी घातली.

नदीकाठी गाडी थांबवली तेव्हा समोर दोन म्हशी डुंबत होत्या.

"हे काय?" सरांनी विचारलं.

"खडवली, सर."

"ते कळलं. इथून पुढे कुठे?"

"पुढे... पिठलं-भाकरी. मग घरी."

सर गाडीतून उतरले, नदीकडे तोंड करून उभे राहिले. सासूबाईंनी एकेक करून स्वेटरची बटणं काढली. मुग्धा डोळे पुसत होती आणि मला नदीत उडी मारावीशी वाटत होती (पाणी घोट्याएवढं होतं).

"टूर म्हणजे चार दिवस, चार गावं, हे मी वर्गात शिकवलं होतं," सर म्हणाले.

"त्या दिवशी मी नव्हतो आलेलो, सर."

"तू कुठल्या दिवशी आलेलास?"

मी म्हणालो, "चला, ठाण्याला सोडतो तुम्हाला."

"अजिबात नाही," सासूबाई कडाडल्या. "परांजपेबाईंनी ओवाळलंय मला. मंगळवारपर्यंत मी तो जिना चढायची नाही. लोकांना काय तोंड दाखवू?"

"मग राहायचं कुठे?" सर म्हणाले.

मग मुग्धा हळूच म्हणाली, "बाबा, आमच्याकडे."

सरांनी म्हशींकडे बघितलं. "दुसरा इलाज दिसत नाही," ते म्हणाले.

अशा रीतीने माझे सासरे पहिल्यांदा आमच्या घरी आले. भर दुपारी, माकडटोपी घालून. कारण डोंबिवलीत दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये त्यांचा एखादा विद्यार्थी राहतो आणि सर टूरवर नाहीत ही बातमी ठाण्याला पोहोचायला एक फोन पुरला असता. मंगळवारपर्यंत ते गॅलरीत गेले नाहीत. बेल वाजली की दोघं स्वयंपाकघरात जायचे. एकदा गॅसवाला आला तर सर फ्रिजमागे उभे होते.

त्यात परांजपे काकूंचे मेसेज. फोटो पाठवा, फोटो पाठवा. खडवलीला काढलेला एक होता. सासूबाई, मागे नदी, म्हशी कापून.

"हिमाचल लिहू का?" मी विचारलं.

"खोटं लिहायचं नाही," सर गरजले. मग चष्मा लावून त्यांनी स्वतः टाइप केलं: नदीकाठी, हवा उत्तम. आणि माझ्याकडे फोन देत म्हणाले, "सगळं सांगायलाच हवं असंही नाही."

त्या रात्री मुग्धाने चार ताटं वाढली. सरांनी आमटी दोनदा मागून घेतली. जेवताना माझ्या मेसेजमधल्या चुका त्यांनी एकेक करून समजावल्या आणि मी पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकलं. खरं सांगतो, मला फार बरं वाटत होतं.

मंगळवारी संध्याकाळी त्यांना ठाण्याला सोडलं. अख्खा मजला खाली हजर.

"कशी झाली टूर?" परांजपे काकूंनी विचारलं.

"व्यवस्था चोख," सर म्हणाले. "जेवण अगदी घरचं. गर्दी नाही, धावपळ नाही."

"पण होतं कुठे?"

"ते सरप्राइज असतं," सर म्हणाले.

"मग दिवाळीत आम्हालाही न्या. मजल्यावरची सगळी घरं येऊ. कोणाला सांगायचं?"

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यांना सांगा. आमचे जावई आहेत."

दोन वर्षांत तो शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. मी सगळ्यांना जोरात हो म्हणून टाकलं. आता दिवाळी तोंडावर आली आहे, परांजपे काकूंनी दूध बंद केलं आहे, आणि सहा कुटुंबं आमच्या वन रूम किचनमध्ये झोपवायची कशी, ते काही सरांनी शिकवलेलं नाही. किंवा शिकवलं असेल. मी नव्हतो आलेलो.