निंबातल्या दाढा

गेला महिनाभर माझ्या चहात लाकडाचा भुसा पडतो आहे. या देशात यावर दाद कुठं मागायची, हे कुणीच सांगू शकत नाही... आणि घरच्यांना तर भुसा दिसतच नाही.

कारण भुशाचा कारखानदार घरचाच आहे. माझा धाकटा भाऊ विलास. पवनीजवळच्या आमच्या गावात, आमच्याच अंगणात त्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून लाकूड कापायची आरा मशीन बनवली. भंगारातल्या मोटारीची दोन चाकं, त्यांवरून फिरणारं पट्ट्यासारखं दातेरी ब्लेड, पंपाचं जुनं डिझेल इंजिन आणि खाली लोखंडी अँगलचे रूळ.

लाकूड जागेवर राहतं, मशीनच त्याच्यावरून ढकलत न्यायची. सुटी करून ट्रॉलीत घातली की कुठंही जाते. मी तिला सरकारी प्रकल्प म्हणायचो... कधी पूर्ण होणार ते प्रकल्पाधिकारी सांगायचेच नाहीत.

पण झाली. आणि पहिलं काम आलं ते सुमनवहिनींचं. माझा मित्र शंकर, त्याची बायको. शंकर जाऊन चार वर्षं झाली. वहिनींचं घरकुल उभं राहिलं, पण दाराच्या जागी अजून साडी लटकत होती. लेक बाळंतपणाला यायची होती, थंडी पडायला लागली होती. दार पाहिजे होतं, आणि लगेच पाहिजे होतं.

लाकूड घरचंच. वहिनींच्या अंगणातला मोठा निंब पावसाळ्यात वादळानं मुळासकट पडला होता, परवानगीचा कागदही वहिनींनी आणून ठेवला होता. पण शहरातल्या आरा मशीनवाल्यानं तो ओंडका हातात घेतला नाही. गावातलं झाड म्हणजे आत खिळे असणार, म्हणाला.

आम्ही हसलो. ट्रॉली वहिनींच्या अंगणात नेली, मशीन लावली... बुंध्यापासून थोडं पुढं गेलो आणि खाडकन ब्लेड तुटलं. विलासकडे आता एकच उरलं होतं. नवं नागपूरहून मागवायचं, तर त्याच्या आधी वहिनींची लेक पोचणार.

तेव्हा शेजारची कौसल्याआजी काठी टेकत आली. ओंडक्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "दाढा हायेत गा त्याच्यात."

आमच्याकडे पूर्वी दाढ दुखली की माणसाला निंबाला टेकवून उभं करायचे आणि त्याच्या जबड्याच्या उंचीवर खोडात खिळा ठोकायचे. दुखणं झाडात जातं म्हणे. दाढ थांबली की झाडाला नारळ द्यायचा. अर्ध्या गावाच्या दाढा त्या निंबात होत्या, आणि वरून साल चढल्यानं एकही दिसत नव्हती.

या विषयावर मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं... पण विलासचं तोंड बघून मी तुटलेलं ब्लेड उचलायला लागलो.

विलासनं घरोघरी जाऊन खिळेवाल्यांना बोलावून आणलं. झाड आडवं, म्हणून माणसंही आडवी. एकेक जण मुळांकडे पाय करून ओंडक्याला लागून झोपायचा आणि विलास जबड्याशी खडूनं खूण करायचा. माजी सरपंचही झोपले. मागून कुणीतरी म्हणालं, "इलेक्शन हरला तवाबी असा आडवा नोता पडला."

ज्यांनी लहानपणी खिळा ठोकून घेतला होता, ते हातानं आपली तेव्हाची उंची दाखवायचे. मग त्या उंचीवरून वाद... तू एवढा कधी होतास, म्हणून.

कौसल्याआजीनं मला विचारलं, तुहा कुठं हाय? मी म्हटलं, मी असलं काही मानत नाही.

"तुले कोन विचारते," आजी म्हणाली. "तुह्या मायनं आणला होता तुले. रडून राहिला होता."

आणि काठीनं तिनं नेमकी जागा दाखवली. ब्लेड तुटलं होतं तीच. विलासच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की ते पाहण्यापेक्षा मी चहात भुसा पिणं पत्करीन.

खुणांवर छिन्नी चालवली, तसे खिळे निघत गेले. गंजून काळे, भोवतीचं लाकूडही काळं पडलेलं.

आता कुणी राहिलं का, असं विलासनं विचारलं. शंकरला दाढेनं किती छळलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं... पण त्याची उंची दाखवायला कोण झोपणार?

सुमनवहिनींनी पदर खोचला आणि मुळांकडे पाय करून त्या ओंडक्याशेजारी आडव्या झाल्या. डोळे मिटले. मग हात डोक्याच्या वर नेला, जरा थांबवला, आणि बोटं सालीवर टेकवली.

"माहं डोकं त्यायच्या खांद्याले लागे," त्या म्हणाल्या. "त्याच्या वर चार बोटं. इथं पाहा."

विलासनं खूण केली, छिन्नी लावली. खिळा तिथंच होता.

वहिनींनी तो पुसला आणि पदराच्या टोकाला बांधला. नारळ द्यायचा राहून गेला त्यायचा, एवढंच म्हणाल्या आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायला आत गेल्या.

उरलेलं ब्लेड शेवटच्या फळीपर्यंत टिकलं. दार लागलं. लाकूड अजून पुरतं वाळलेलं नाही, थोडं वाकेल, असं विलास म्हणतो... वाकू दे. लेक आली त्या रात्री आतून कडी लागली.

काल दुपारी वहिनी लेकीला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेल्या होत्या. अंगणात कुणी नव्हतं. पवनीच्या बाजारातून मी दोन नारळ आणले होते. निंब जिथं उभा होता, तिथं दोन्ही फोडले.

माझा फोडताना आधी इकडंतिकडं पाहून घेतलं. शंकरचा फोडताना नाही.