उसना कान

माझ्या मुलाला चौथं वर्ष लागलं, त्या सुमारास आमच्या घरात कोणाचाच कान पूर्णपणे त्याच्या स्वतःच्या मालकीचा राहिला नव्हता.

त्याची सवय अशी होती. डाव्या हाताचा अंगठा तोंडात आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत दुसऱ्या कोणाच्या तरी कानाची पाळी. ती तो ओढत नसे, पिरगळत नसे. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक धोतराचं पोत बघतं, तशी नुसती चोळत राही. मग त्याचे डोळे अर्धवट मिटत आणि तोंडावर असं काही समाधान पसरे की बघणाऱ्यालाही जांभई यावी.

सवय मुळात आईच्या कानाची. धाकटी मुलगी झाली आणि आई बाळंतिणीच्या खोलीत गेली, तेव्हा त्याचं अंथरूण माझ्या शेजारी आलं. पहिल्याच दिवशी झोपताना त्याचा हात माझ्या गालावरून चाचपडत कानापाशी पोचला. तोवर तो आईचा कान धरून झोपतो हे मला ठाऊकच नव्हतं. घरातल्या बऱ्याच गोष्टी मला अशा उशिरा कळत. मी सोलापुरात एका शाळेत मास्तर होतो. दिवसाकाठी दहा-बारा मुलांचे कान माझ्या हातात येत, पण ते कामाचा भाग म्हणून. माझा स्वतःचा कान कोणाच्या हातात जाण्याची वेळ लहानपणानंतर पहिल्यांदाच आली होती.

घरातल्या घरात होतं तोवर मी काही बोललो नाही. पण पोरगा हिंडू-फिरू लागला तसा त्याच्या हाती येणाऱ्या कानांचा परीघ वाढला. दर रविवारी न्हावी घरी येई. माझ्या गालाला साबण लावायला तो उकिडवा बसला की हा मागून जाऊन त्याचा कान धरी. न्हावी म्हणे, "लई मऊ हात हाय, मास्तर. असू द्या की." वाण्याच्या दुकानात ज्वारी घ्यायला गेलो तर हा गादीवर चढून वाण्याचा कान धरून बसे. तो अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा माणूस. एका हाताने माप करी आणि मान त्याच्याकडे थोडी कलती ठेवी. लोकांना काही वाटत नसे. वाटायचं ते मला.

मग बार्शीला माझ्या मावसभावाचं लग्न निघालं. मुलीचे वडील वकील होते, आणि मांडवात बसले होते ते न्यायाधीशासारखे. मंगलाष्टकं लांबली. आमचे चिरंजीव आईच्या मांडीवरून केव्हा उठले कळलं नाही. बघतो तर ते वकिलांच्या मांडीवर, अंगठा तोंडात, आणि वकिलांचा उजवा कान त्यांच्या बोटांत. मांडवात कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "वकिलांचा कान धरणारा भेटला एकदाचा." सगळे हसले. वकीलही हसले. मी तेवढा हसलो नाही. मी पुढे होऊन त्याला उचललं, त्याने जो सूर लावला त्यात भटजींचं अष्टक बुडालं, आणि एका कानाची हकिगत जी चार माणसांपुरती राहिली असती, ती सगळ्या वऱ्हाडाला पुरली.

परतीच्या गाडीत पत्नी म्हणाली, "तो दमला होता. पहाटेपासून जागा आहे."

मी म्हणालो, "सवयी अशाच लागतात."

हे तिच्या बोलण्याला उत्तर नव्हतं, पण मी ते उत्तराच्या सुरात म्हणालो. मास्तरकीत ही कला आपोआप येते.

दुसऱ्या दिवसापासून मी उपाय सुरू केले. आधी कडुनिंबाचा पाला वाटून त्याच्या अंगठ्याला फासला. त्याने एकदा चव घेतली, अंगठा माझ्या धोतराला नीट पुसला आणि परत तोंडात घातला. तीन दिवसांत माझी दोन धोतरं हिरवी झाली. मग मी विचार केला, अंगठा त्याचा आहे पण कान तर आपले आहेत. म्हणून मी माझ्या कानांना एरंडेल लावलं. हेतू असा की पाळी बोटांतून निसटावी. ती निसटली नाही, पण तेल मानेवरून कॉलरमध्ये उतरलं, वर्गात त्यावर खडूची भुकटी बसली, आणि हेडमास्तरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कान वाहतोय का तुमचा?"

शेवटी मी ठरवलं की कान नजरेलाच पडता कामा नयेत. वैशाख होता. सोलापूरचा वैशाख. दुपारी दगडी भिंतीला हात टेकवता येत नसे. अशा दिवसांत मी लोकरी गळपट्टा काढला आणि तो कानांवरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली. आमच्याकडे माझी एक विधवा आत्या राहत असे. तिला कोणताही कडक नियम मनापासून आवडे, म्हणून तिनेही डोक्याला फडकं बांधलं. पत्नीने मात्र नकार दिला.

"मला ऐकू यायला हवं," ती म्हणाली. "घरात तान्ही मुलगी आहे."

"मग निदान त्याच्यासमोर पदर घे कानांवरून."

तिने घेतला नाही. घामाने माझ्या गळ्यावर पुरळ उठलं. पोराने दोन दिवस माझ्या डोक्याभोवती हात फिरवून बघितला, वाट सापडत नाही म्हणून रडला, आणि आईकडे गेला. मला वाटलं, उपाय लागू पडतोय.

आमच्या शेजारी एक पद्मसाळी कुटुंब होतं. घरात दोन माग, दिवसभर खटखट चाले. आपापसांत ते तेलुगू बोलत आणि आमच्याशी मराठी. त्या बाईंना पाच मुलं. त्यांनी मला आणि आत्याला भर दुपारी डोकी बांधून ओट्यावर बसलेलं पाहिलं आणि त्यांना वाटलं ते अगदी रास्त होतं. त्यांनी मुलांना आमच्या दारात यायची बंदी केली. नळावर चार बायकांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा एक माणूस पायरीवर बूट काढून, वही घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

"गालगुंडाचे रोगी किती घरात?" त्याने विचारलं.

"एकही नाही," मी म्हणालो.

त्याने माझ्या गळपट्ट्याकडे पाहिलं, मग आत्याच्या फडक्याकडे.

"मग हे काय?"

"मुलाला वळण लावतोय."

त्याने पेन्सिल वहीवर टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. "काय लिहू?" तो म्हणाला.

"काही लिहू नका," पत्नी आतून म्हणाली, आणि त्याला पाणी आणून दिलं.

पाणी पिऊन तो पायरीवर बूट चढवायला बसला. तेवढ्यात आमचा मुलगा झोपाळल्या डोळ्यांनी बाहेर आला. त्या दोन-तीन दिवसांत त्याला दिसलेला हा पहिला उघडा पुरुषी कान असावा. तो सरळ जाऊन त्याच्या पाठीला टेकला आणि कान धरला. मी पुढे झालो. त्या माणसाने हात वर करून मला थांबवलं.

"असू दे, मास्तर. माझी पोरगी केस धरती. नाही धरले तर झोपत नाही." आणि एक बूट पायात, एक हातात, असा तो न हलता बसून राहिला. पोरगा त्याच्या पाठीवरच झोपला, तेव्हा त्याने दुसरा बूट चढवला. मी गळपट्टा सोडला. लाज वाटली म्हणून नव्हे, पुरळ फार झोंबत होतं. लाज जरा उशिरा वाटली.

संध्याकाळी शेजारच्या बाई आल्या. "तुमी तोंड बांदून बसलेला, मला वाटलं रोग हाय. चुकलं माजं," त्या म्हणाल्या. पत्नीने त्यांना खरी गोष्ट सांगितली. त्या मनसोक्त हसल्या.

"माजा थोरला माज्या वेणीचं टोक चावायचा. सारखं. आता मागावर बसतोय. आता कुटं चावतोय?"

मी मास्तराच्या जिज्ञासेने विचारलं, "पण तुम्ही काही उपाय केला असेल ना?"

"उपाय कसला, मास्तर? पाच पोरं हायत. टाइम कुटं हाय?"

त्या गेल्यावर पत्नी मला म्हणाली, "आता काही दिवस तुम्ही काही करू नका."

"काहीच?"

"काहीच. तो तसं करत असला तर त्याच्याकडे बघूसुद्धा नका."

निंब वाटण्यापेक्षा आणि गळपट्टा बांधण्यापेक्षा हा उपाय मला कितीतरी अवघड गेला. मी विचारलं, त्याने काय होणार. तेव्हा कळलं की ती बरेच महिने नीट बघत होती. झोप आली की तो कान शोधतो. भूक लागली की शोधतो. अनोळखी माणसं फार झाली की शोधतो. "आणि," ती म्हणाली, "तुम्ही वर्गातल्या आवाजात हाक मारलीत की."

तिने जे केलं त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. बाहेर जायच्या आधी त्याला वरण-भात भरवायचा. पाहुणे यायचे असले तर दुपारी झोपवायचं. पाहुणे आल्यावर थोडा वेळ स्वतःजवळ घ्यायचं. कोणी हसलं, कोणी "शी" म्हणालं, तर तिने विषय बदलायचा, आणि तोही पोराकडे न बघता. आत्या म्हणाली, "हे म्हणजे लाडच झाले." पत्नीने तिला पानाचा डबा पुढे केला. आत्याचा विषय असाच बदलत असे.

मग एके दिवशी त्याचे केस विंचरताना तिने त्याचाच हात धरून त्याच्याच कानाला लावला.

"हा कोणाचा?"

"माझा."

"मऊ आहे?"

त्याने पोत बघितलं. दोन्ही बाजूंनी बघितलं. "तुझ्यापेक्षा मऊ आहे," तो म्हणाला.

"मग बाहेर गेलं की हा धरायचा. घरी झोपताना माझा. दुसऱ्यांचे कान त्यांना लागतात."

"आणि बाबांचा?"

"त्यांना विचार."

तो खरंच आला. मी पेपर तपासत बसलो होतो. माझ्यापुढे उभा राहून त्याने विचारलं, "घेऊ?" कोणाचा कान धरण्याआधी त्याला विचारावं लागतं, ही कल्पना माझ्या धंद्याला पूर्णपणे नवी होती. मी पेपर बाजूला ठेवला आणि मान खाली केली.

सहाव्या वर्षी त्याला आमच्याच शाळेत बिगरीत घातलं. पहिल्या महिन्यात तो एका हाताने स्वतःचा कान धरून बसे. त्याचे मास्तर माझ्याकडे आले.

"तुमचा मुलगा आधीच कान धरून बसतो," ते म्हणाले. "उद्या चुकला तर मी काय धरू?"

"काही धरू नका. बघूही नका."

त्यांना वाटलं, स्वतःच्या पोराचा प्रश्न आला म्हणून मी मऊ पडलो. त्यांनी तसं दोघा-तिघांना सांगितलंही. मी त्या दिवसापासून मुलांचे कान धरणं सोडलं, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. सोडलं नाही. पण हात कानापर्यंत पोचायला पूर्वीपेक्षा वेळ लागू लागला, आणि माझ्या वर्गातली हुशार मुलं तेवढ्यात उत्तर आठवून मोकळी होत.

मुलगा सात वर्षांचा झाला त्या वर्षी एकदा जेवताना माझ्या लक्षात आलं की तो कोणाचाच कान धरत नाही. स्वतःचाही नाही. अंगठाही तोंडात जात नाही. मी पत्नीला विचारलं, "अगं, त्याची ती सवय कधी गेली?"

"संक्रांतीच्या आधी," ती भाकरी वाढत म्हणाली.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याला विचारलं असतं."

ते खरं होतं. विचारलंच असतं, आणि तेही चार माणसांदेखत.