हळू चालणारं मळणीयंत्र

माझं मळणीयंत्र आमच्या साखऱ्यात आणि आजूबाजूच्या चार-पाच गावांत सगळ्यांत जोरात चालायचं. हे मी त्या काळी छाती काढून सांगायचो. आजही सांगतो, फक्त आता पुढचं वाक्य गाळत नाही. त्या जोरानंच माझा धंदा एकदा जवळजवळ बुडाला होता.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे ज्वारी मागे पडून जिकडेतिकडे सोयाबीन दिसायला लागलं होतं. दसऱ्याच्या आसपास सगळ्यांचं पीक एकदमच काढणीला येई आणि आभाळ आलं की प्रत्येकाला मशीन आजच हवं असे. ज्याचं मशीन झपाट्यानं चालेल त्याला मान. मी सेनगावच्या मिस्त्रीकडून ड्रमची पुली बदलून लहान बसवून घेतली. पुली लहान झाली की ड्रम जास्त गरगरतो. मग काय विचारता! बाकीच्यांना जिथं दिवस लागायचा तिथं मी दुपारी पट्टा उतरवून जेवायला मोकळा.

त्या हंगामात गावातल्या एका थोरल्या शेतकऱ्याच्या खळ्यावर मळणी चालली होती. सगळं गाव त्यांना काकाच म्हणायचं, मीही. माझी बायको माझ्यासोबतच असायची, दाणे पडतात तिथं पोतं धरायला. तिनं मूठभर दाणे उचलून त्यांवरच्या बारीक चिरा बघितल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आवो, दाणा उलून राहिला. बियाण्याचं तरी हळू काढा."

मी हसून म्हणालो, "बाजारात काय दाण्याला चष्मा लावून बघतेत व्हय?"

खळ्यावरची माणसं हसली. काकाही हसले. तिनं पोतं पुन्हा धरलं. मला त्या हसण्याचं मोठं कौतुक वाटलं होतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ज्वारीचं बियाणं आमच्याकडे बायका निवडायच्या. शेतात फिरून चांगली कणसं हेरायची, वेगळी बांधायची, वेगळी बडवायची. त्या बियाण्याला हात लावायची पुरुषांची टाप नव्हती. सोयाबीन आलं ते थेट विकायचं पीक म्हणून. त्याचं बियाणं निवडण्याची रीत कुणाच्याच घरात नव्हती. पोती भरली की त्यातलीच दोन-तीन पेरणीसाठी बाजूला टाकायची, संपलं. माझ्या बायकोला हे पटलं नाही. तिनं आमच्या शेतातली कोपऱ्यातली झाडं उपटून आणली, अंगणात काठीनं बडवली आणि ते पायलीभर दाणे गाडग्यात ठेवले. मी त्यावरही तिची थट्टा केली.

पुढच्या मृगात पेरण्या झाल्या. पाऊस वेळेवर, जमिनीला ओल चांगली, तरी आमच्या शेतात रोपं विरळ उगवली. मधली हातहातभर जागा मोकळी. बांधाला लागून, धुऱ्याकडच्या तीन ओळी मात्र गच्च भरून आल्या होत्या. त्या तीन ओळी गाडग्यातल्या दाण्यांच्या होत्या. जमीन तीच, पाऊस तोच, पेरणारा मीच.

मी तिथंच धुऱ्यावर बसलो. गाडग्यातले दाणे काठीनं बडवलेले, बाकीचे माझ्या मशीनचे. काकांचं शेतही असंच विरळ उगवल्यानं मोडलं होतं, आणि मी मळणी करून दिलेल्या आणखी पाच घरांचंही. गावात कुणी पावसाला बोल लावत होतं, कुणी जमिनीला. मशीनचं नाव कुणीच घेत नव्हतं. मी तोंड बंद ठेवलं असतं तर कुणाला कळणार नव्हतं. आणि तोंड उघडलं तर येत्या हंगामात माझ्या मशीनपुढं कोण पीक टाकणार होतं?

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं, ती आता चष्म्याची आठवण काढेल. ती एवढंच म्हणाली, "मंग सांगणार का न्हाई त्यायला?"

दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी लिंबाखाली माणसं बसली होती, तिथं जाऊन सांगून टाकलं. पुली बदलली, ड्रम जास्त फिरला, दाण्याला मार बसला, म्हणून उगवलं नाही. यंदा त्या सहा घरांची मळणी मी काही न घेता करून देईन.

काका उठून उभे राहिले. "फुकट कोन मागितलं तुला? दोनदा पेरनी करून राहिलो मी. आन् तुझी बायको सांगत व्हती तवा काहून न्हाई ऐकलं?"

तुम्हीही तेव्हा हसला होतात, हे जिभेवर आलं होतं. ते गिळलं. आयुष्यात मी जे थोडे शहाणपणाचे निर्णय घेतले, त्यात हा एक.

मिस्त्रीकडे जाऊन मोठी पुली बसवून घेतली. तो म्हणाला, "लोक मशीन जोरात करून नेतेत, तू उलटाच." दसरा आला तेव्हा माझं मशीन तालुक्यात सगळ्यांत हळू होतं. सहापैकी दोघंच माझ्याकडे आले. बाकीचे शेजारच्या गावच्या झपाट्याच्या मशीनकडे गेले, काकासुद्धा. मी रागावलो, रिकाम्या मशीनपाशी बसून राहिलो, पण पुली बदलली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मात्र काका सोयाबीनच्या दोन पुरचुंड्या घेऊन दारात आले. माझ्याशी बोलले नाहीत. बायकोला म्हणाले, "सुनबाई, ह्ये त्या झपाट्याच्या मशीनचं हाय. आन् ह्ये माझ्या मालकिनीनं बडवलेलं. तू बघ बरं, कोन खरं बोलतं."

तिनं ओल्या गोणपाटावर दोन्हींचे शंभर-शंभर दाणे मांडले, गुंडाळले, रोज पाणी शिंपडलं. आठवड्यानं काका आले, तेव्हा तिनं गोणपाट त्यांच्यासमोरच उलगडलं. काठीनं बडवलेल्यातले नव्वदीच्या घरात उगवले होते. मशीनचे चाळीसही नाहीत, बाकीचे बुरसटून गेले होते. काकांनी सगळे कोंब बोटानं मोजले, मग परत मोजले. जाताना पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "औंदा पयला नंबर माझा लाव."

दसऱ्यानंतर त्यांच्याच खळ्यावर नारळ फोडला. गेल्या वर्षी गेलेली माणसंही बघायला जमली होती. बायकोनं धरलेलं पहिलं पोतं अर्धं भरलं आणि काकांनी हात वर केला. मी इंजिन बंद केलं. वाकून मूठभर दाणे उचलले, बघितले, मला तरी सगळे अखंड दिसले. "बराबर हायेत, काका," मी म्हणालो.

"तू नगं सांगू," काका म्हणाले. "तिला बघू दे."

कुणी हसलं नाही. मी मूठ तिच्या ओंजळीत रिकामी केली. तिनं दाणे उन्हात धरले, एकेक नखानं चाचपून पाहिला, घाई अजिबात केली नाही. मी पट्ट्यापाशी उभा राहिलो, शाळेत निकालाच्या दिवशी उभा राहायचो तसा.

"चालू द्या," ती म्हणाली, आणि मग मी इंजिन सुरू केलं.