हाटाईचं उत्तर

मंडळी, दुपारपासून कशातच लक्ष लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

चेन्नईतले आम्ही काही मराठी मित्र दर रविवारी माझ्या नुंगंबाक्कमच्या फ्लॅटवर जमून फाशांचा एक खेळ खेळायचो. राजे, राक्षस, जादू असलेला. त्याची गोष्ट निखिल रचायचा. तो चेन्नईबाहेर ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात कामाला होता. खेळातली व्यापाराची आणि धनाची देवी हाटाई, तीही त्याचीच. तिच्याकडे फुकट काही मागायचं नाही, असा नियम. आधी आपली एखादी खरी वस्तू वाटीत ठेवायची, मग मागायचं. कुणी पेन ठेवायचं, कुणी केसांची क्लिप.

गेल्या महिन्यात निखिल अपघातात गेला.

आज त्याची खोली रिकामी करायला त्याचे बाबा साताऱ्याहून आले होते. त्याचे फासे आणि वाटी माझ्याकडे होती, ती न्यायला माझ्या घरी आले, तेव्हा आम्ही सगळे इथेच होतो. वाटी कशासाठी, असं त्यांनी विचारलं, तेव्हा आम्ही हाटाईबद्दल सांगितलं.

"तिच्याकडे काहीही मागता येतं?"

"हो काका. म्हणजे, खेळात."

त्यांनी हातातलं घड्याळ काढून वाटीत ठेवलं. जरासं हसले. "निखिलला परत पाठव म्हणावं."

मग आमच्याकडे बघत राहिले. "काय म्हणते ती?"

हाटाईचं बोलणं नेहमी निखिल बोलायचा, आवाज बारीक करून.

काका फक्त फासे घेऊन गेले. घड्याळ अजून वाटीतच आहे.

तुम्ही असता तर काय सांगितलं असतंत त्यांना?